धुराच्या खोलीतली तपासणी

फाल्गुनात गिरणीच्या कापूस-गोदामाला आग लागली तेव्हा बंबावरचा जवान बिरप्पा वॉकीटॉकीचा सेट घेऊन आत होता. छप्पर खचताना दिसलं तसा त्याचा जमादार कुंडलिक बाहेरून सेटवर ओरडला, "बिरप्पा, माघारी फिर!" सात वेळा ओरडला. पंपाचं पाणी लागून बिरप्पाचा सेट आधीच मुका झाला होता. छपराखाली सापडून बिरप्पा मेला. चौकशीत मात्र ठरलं, की सेट तपासून पास झालेला होता. हुकूम मोडला तो बिरप्पानंच. तपासणीच्या दाखल्यावर सही होती गिरणीचे सुरक्षा अधिकारी ईश्वरप्पांची. त्या सहीनंतर दोन दिवसांनी सेटचं सीलबंद खोकं कुंडलिकनं स्वतःच्या हातानं फोडलं होतं. हे त्यानं सांगितलं, पण कुणी लिहून घेतलं नाही.

शहात्तरच्या जूनमध्ये नवे सेट आले. ईश्वरप्पा भरलेला दाखला घेऊनच पटांगणात आले.

"जमादार, साक्षीदार म्हणून सही करा."

"करतो की. पर साहेब, नियमात लिवलंय, सेट तासभर पाण्यात बुडवायचा, मग धुरात बोलून बघायचं."

"मग बघा तुम्ही."

"आमची रीत तुमास्नी ठावं हाय. नवा दोर जो पास करतो, त्यानंच आदी त्याला लोंबकळायचं."

भोवती दहा-बारा जवान जमले होते. पंपावरचा सिदू म्हणाला, "साहेब भ्यालं वाटतं." ईश्वरप्पांना मागं सरता येईना.

सेट हौदात तासभर राहिला. मग तो घेऊन ईश्वरप्पा सरावाच्या पत्र्याच्या खोलीत शिरले. कोपऱ्यात ओली गोणपाटं धुमसत होती. सेटवर आवाज आला की दार उघडायचं, असं ठरलं. कुंडलिकनं बाहेरून कडी घातली आणि दुसरा सेट कानाला लावला.

खरखरसुद्धा नाही. थोड्या वेळानं दारावर बुक्क्या पडू लागल्या.

"साहेब, सेटवर बोला की! दाराला काय सांगताय?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आतून खोकला आला, दारावर लाथा आल्या.

"जमादार, उघडा. मरंल ते," सिदू म्हणाला.

"त्येंनीच पास केलेला सेट हाय. कसं मरंल?"

सिदूनं कडीला हात घातला. कुंडलिकनं तो झिडकारला. बुक्क्या मंदावल्या, तेव्हा कुठं त्यानं दार उघडलं.

ईश्वरप्पा गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. कुंडलिक उकिडवा बसला आणि त्यानं त्यांच्यापुढं दोन कागद ठेवले : नवा दाखला आणि बिरप्पाच्या सेटच्या दाखल्याची नक्कल.

"नव्यावर लिवा, नापास. जुन्यावर लिवा, तपासला नव्हता."

"नोकरी जाईल माझी."

"मग परत आत जाता का? गोणपाट हाय अजून."

ईश्वरप्पांनी लिहिलं. कुंडलिकनं अक्षर न् अक्षर वाचलं, खाली साक्षीदार म्हणून सिदूची सही घेतली. ईश्वरप्पांनी खुणेनं पाणी मागितलं. ते त्यानं पाहिलं, कागदांची घडी खिशात घातली आणि तो मॅनेजरच्या कचेरीकडं निघाला. वाटेत त्याला एकच गोष्ट सलत होती. दार जरा लवकरच उघडलं होतं.