सुहासची लाईन

पंपांची घरघर एकदम थांबली. पंप चालवणाऱ्या विष्णूने विडी विझवली आणि छताला लटकणाऱ्या बल्बकडे पाहिलं.

"गई, भाभी."

विनोदिनी खुर्चीवरून उठली. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हतं. तिने उपविभागाच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडच्या बाबूने नेहमीचंच सांगितलं, "मैडम, डीज़ल कल तक आ जाएगा."

"आज सोमवती अमावस है. घाट पे इतनी भीड़ है."

"तो हम क्या करें? बिजली की कटौती तो पूरे प्रदेश में चल रही है."

ती बाहेर आली आणि कठड्यावरून वाकून विहिरीत पाहू लागली. शहराचा मोठा नाला अडवून या विहिरीत घेतलेला होता. पंप ते घाण पाणी उचलून गावाबाहेरच्या शुद्धीकरणाच्या तळ्यांकडे ढकलत. पंप थांबले की विहीर भरायची, आणि भरली की पाणी आपल्या जुन्या वाटेने शिप्रा नदीत जायचं. रामघाट तिथून खालच्या अंगाला होता. या वेळी तिचे सासरे, बापू, घाटावर पाण्यात उभे असणार.

घरात या कामाला सुहासची लाईन म्हणत. सुहास मुळे, तिचा नवरा, खात्यात उपयंत्री, म्हणजे ज्युनियर इंजिनियर होता. नाला उताराने न्यावा, पंपाच्या भरवशावर ठेवू नये, असं त्याचं म्हणणं होतं. जेवताना तो ताट तिरपं करून बापूंना आमटीचा ओघळ दाखवायचा. "बघा बापू, याला कुठे लाईट लागते?" पण उताराची लाईन लांबून न्यावी लागली असती, आणि सिंहस्थ तोंडावर आला होता. वरून पंप मंजूर झाले. पावसात काळी माती फुगली असतानाही खोदकाम चालू राहिलं. चराच्या कडांना फळ्यांचा आधार दिलेला नव्हता. आत दोन मजूर अडकले म्हणून सुहास खाली उतरला. मजूर निघाले. तो निघायच्या आत कड ढासळून अंगावर आली.

विनोदिनीला अनुकंपेवर नोकरी मिळाली. आधी टपाल, मग पंपघर, कारण त्या वासात बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. उद्घाटनाच्या दगडावर मंत्र्यांची नावं आली, सुहासचं आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बापू रोज सकाळी रामघाटावर स्नानाला जाऊ लागले. पंड्यांना, यात्रेकरूंना, भेटेल त्याला सांगायचे, "यह मेरे लड़के का साफ किया हुआ पानी है."

मधल्या वर्षांत देवास गेटला कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, माधवनगरात घरोघरी कूलर आले, आणि लाईट दर उन्हाळ्यात जास्त जायला लागली. पंप चालण्यापेक्षा बंदच जास्त असत. घरी हे कसं सांगायचं, ते विनोदिनीला कधी जमलं नाही.

आज तिने विष्णूला बसायला सांगितलं आणि लुना काढली.

घाटावर उभं राहायला जागा नव्हती. खेड्यांतून आलेल्या बाया लुगड्यांसकट पाण्यात उतरत होत्या. बापू कमरेइतक्या पाण्यात, हात जोडून उभे होते. ती खालच्या पायरीपर्यंत गेली.

"बापू, बाहेर या."

त्यांनी डोळे उघडले. "लाईट गेली न?"

तिने त्यांना वर घ्यायला हात पुढे केला.

"मला वासावरून कळतं, विनू. पहिल्या उन्हाळ्यापासून कळतंय."

"मग कशाला उतरता हो रोज?"

"मी नाही उतरलो तर लोक विचारतील, मुळेजी, आज क्यों नहीं? त्यांना काय सांगू? माझा मुलगा फालतूमध्ये गेला म्हणून?"

जवळच एक बाई मांडीएवढ्या पोरीला पाण्यात बुचकळत होती. पोरीने तोंडातलं पाणी थुंकलं आणि हसली. विनोदिनी तिला म्हणाली, "बाई, अभी मत नहलाओ. ऊपर से नाले का पानी आ रहा है."

बाईने तिच्याकडे नुसतं बघितलं. "शिप्रा मैया में काहे का मैल?"

वरून एक पंडा ओरडला, "ओ बहनजी, अमावस के दिन क्या अफवाह फैला रही हो?"

माणसं वळून पाहू लागली. तेवढ्यात बापू पाण्यातून वर आले. ओलं धोतर पायांना चिकटलेलं, छातीवरचे पांढरे केस चपट झालेले. ते पायरीवर उभे राहिले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "बहू सच कहती है. लाइन बंद है. मेरा लड़का उसी लाइन में मरा है, मैं झूठ नहीं बोलूँगा. आज मत नहाओ."

दोन-चार माणसं थबकली. त्यांतली एक म्हातारी हातातला तांब्या पालथा करून परत फिरली. बाकीच्यांच्या मागून नवी गर्दी आली आणि पायऱ्या उतरून गेली.

महिन्याभरात विनोदिनीला खात्याची नोटीस आली: सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या योजनेविषयी अपप्रचार. तिला पंपघरातून उचलून स्टोअरमध्ये टाकलं. तिथे गंजलेले वॉल्व आणि फुटके पाईप होते, करायला काही नव्हतं.

बापू पुन्हा नदीवर गेले नाहीत. सकाळी मोरीत बादलीतल्या पाण्याने अंघोळ करायचे आणि व्हरांड्यात बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "लाईन बंद आहे." पावसाळा संपता संपता एका दुपारी ते खुर्चीतच गेले.

तिसऱ्या दिवशी विनोदिनी अस्थी घेऊन रामघाटावर आली. पुतण्याला बोलवा, असं गुरुजींनी दोनदा सुचवलं होतं. ती म्हणाली, मीच करीन. सगळी तयारी झाली. गुरुजींनी तिला पाण्यात उतरायला सांगितलं. ती खालच्या पायरीवर गेली, थांबली, आणि कलश तसाच घेऊन वर पीसीओत आली. तिने पंपघराचा नंबर फिरवला.

"विष्णू, लाईट?"

"नहीं है, भाभी. सुबह से नहीं है."

"लाइट आते ही यहाँ बूथ पे फोन कर देना."

ती परत येऊन पायरीवर बसली. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "वेळ टळते आहे, ताई. किती थांबायचं?"

"लाईट येईपर्यंत. मग पाणी निवळेपर्यंत."

गुरुजी पलीकडच्या कुटुंबाकडे गेले. एकामागून एक माणसं आली, विसर्जन करून, हात धुऊन निघून गेली. ऊन पायरीवर आलं तेव्हा विनोदिनीने मांडीवरच्या कलशावर पदर ओढून घेतला.