सात पैलवान आणि एक उराभेट

चैत्रात सप्ताह बसला की बोरवाडीचे दोन तट पडतात. भांडणानं नव्हे, प्रेमानं. सहाव्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर वरच्या आणि खालच्या आळीची कबड्डी होते, आणि जी आळी जिंकेल तिच्या देवळापुढं दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. हरलेल्यांनी दही-लाह्या डोक्यावर घेऊन जिंकलेल्यांच्या दारी यायचं. हा रिवाज कुणी घातला ते कुणी सांगत नाही. पण अकरा वर्षं काला खालच्या आळीतच होत होता, हे मात्र हसनाबादच्या बाजारातसुद्धा कुणीही सांगेल.

कारभारी वस्ताद वरच्या आळीच्या तालमीचे. वय पासष्ट, कान कुस्तीत चुरगळून भज्यासारखे झालेले, पण त्याच कानांत हरिनाम पडलं की माणूस लोण्यासारखा. दरवर्षीची हार ते हसून पचवत. "देव हितला काय अन् तिथला काय," असं म्हणत आणि सगळ्यांच्या आधी खालच्या आळीत जाऊन पुढची जागा धरत.

यंदा मात्र ते जमणार नव्हतं. त्यांच्या बायकोचा, दुर्गाबाईंचा, पाय मोडला होता. मांडीपर्यंत पलस्तर, आणि डॉक्टरनं बजावलेलं, खाट सोडायची नाही. ओसरीवर खाट, समोर रस्ता, रस्त्यापलीकडं वरच्या आळीचं मारुतीचं देऊळ. चाळीस वर्षांत बाईंनी काल्याचं कीर्तन एकदाही चुकवलं नव्हतं. थोरल्याच्या वेळी तर बाराव्या दिवशी तान्हं बाळ पदराखाली घेऊन गेल्या होत्या.

"लाउडस्पीकर हाय की," वस्ताद समजूत घालायला गेले. "सगळं ऐकू येतंय."

"आवाज येतो. महाराजांचे हात न्हाई दिसत," दुर्गाबाई म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

ती पाठ बघून वस्तादांच्या तोंडून निघून गेलं, "आगं, काला तुझ्या दारात आणतो मी. शबूद देतो."

शब्द गेला, आणि दोनच दिवसांत हरिओम बातमी घेऊन आला. हरिओम तालमीतला सगळ्यात बारका गडी, पण गावच्या सगळ्या खबरी त्याच्याकडं.

"वस्ताद, आपली कबड्डीची पोरं येऊन न्हाई राह्यली. जालन्याला एमायडीशीत सळयांचं काम जोरात हाय, सुट्टी बिलकुल न्हाई म्हणतेत."

वस्तादांनी आखाड्याकडं पाहिलं. सहा पैलवान घामेजून माती अंगाला चोळत होते. मधोमध परमेश्वर. एकशेदहा किलोचा, आणि मनानं गाईचं वासरू.

"मंग काय झालं? हे सहा हायेत की, अन् सातवा तू."

"वस्ताद, ह्यांनी कबड्डी कधी खेळलीय?"

"धरायचं अन् सोडायचं न्हाई. ह्यात शिकायचं काय?"

सहाव्या दिवशी मैदान माणसांनी फुललं. माईक कीर्तनकार राजानंद महाराजांच्या हाती. गोष्ट रंगवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, मग ती पुराणातली असो की कबड्डीची.

पहिली चढाई परमेश्वराची. 'कबड्डी कबड्डी' करत तो संथपणे पलीकडं गेला. समोर खालच्या आळीचा कप्तान बद्रीनाथ, पाऱ्यासारखा चपळ. आता परमेश्वर गडी तालमीतला. कुस्ती म्हणजे आधी सलामी, हातात हात दिल्याशिवाय समोरच्याला शिवणं हे पाप. त्यानं नम्रपणे हात पुढं केला. बद्रीनाथही भल्या घरचा. पुढं आलेला हात त्यानं सवयीनं धरला आणि सोडला. परमेश्वर तसाच 'कबड्डी कबड्डी' करत माघारी आला.

शिट्टी वाजली. "बद्रीनाथ बाद!"

"आवं, मी रामराम केला!" बद्रीनाथ ओरडला.

"रामराम केला अन् राम म्हटला!" महाराज माईकवर म्हणाले, आणि मैदान हसून लोळलं.

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "बघितलं का? आरं, संस्कार कामाला येतेत!"

पण बद्रीनाथ काही दुधखुळा नव्हता. त्याच्या आळीच्या गड्यानं एक गुण मिळवताच तो आत आला, वरच्या आळीनंही एक गुण घेऊन आपला बाद गडी परत आणला, आणि पुढची चढाई त्यानंच मागून घेतली. हात पुढं करूनच तो आला. सलामी नाकारायची म्हणजे तालमीला बट्टा. परमेश्वरानं हात दिला. त्याच्या शेजारच्यानं दिला. बद्रीनाथ लग्नात आलेल्या आमदारासारखा रांगेनं हात मिळवत गेला, तोंडानं कबड्डी चालूच. सातवा हरिओम. तो "देऊ नका रे, देऊ नका!" म्हणून बोंबलत होता, पण बद्रीनाथनं हात पुढं करताच त्याचाही उजवा हात आपसूक वर आला.

सात बाद. अख्खा संघ बाद म्हणून वर लोणाचे दोन गुण.

"संस्कार!" खालच्या आळीची प्रेमला म्हातारी हातवारे करून ओरडली. "वस्ताद, अजून थोडे संस्कार होऊ द्या!"

पुढं तर विचारू नका. वस्तादांनी सलामी बंद करायला लावली, तर दुसरंच निघालं. चढाईला एक गडी आला की त्याला एकच पैलवान भिडायचा, बाकीचे सहा हाताची घडी घालून बघायचे.

"आरं, धरा ना समदे!" हरिओम.

"एकट्या माणसाला सात जणांनी?" परमेश्वराचा चेहरा दुखावला. "वस्तादांनी हे शिकवलंय का आपल्याला?"

एकदा तर त्यानं खालच्या आळीच्या भिवाला ढाक मारून असा झकास आपटला की दोन्ही खांदे मातीला. चितपट! परमेश्वर उठला, दोन्ही हात वर करून चारी दिशांना वळला, पब्लिकला नमस्कार केला. तेवढ्यात भिवा पडल्या पडल्या दोन कोलांट्या घेऊन मध्यरेषेला शिवला.

"बाद कोण?" परमेश्वरानं विचारलं.

"तू!"

"मी पाडला, अन् मीच बाद?"

अर्धा खेळ संपला तेव्हा तेवीस विरुद्ध सहा. वस्ताद खाली बसले. त्यांना गुण दिसत नव्हते, भिंतीकडं वळलेली पाठ दिसत होती. एवढ्यात खिशात मोबाईल वाजला.

"अवं, काय चाललंय तिथं?" दुर्गाबाईंचा आवाज. "महाराज माईकवर सांगून राह्यले ते सगळं ऐकतेय मी."

"काय करू? पोरं म्हणतेत, एकावर सात जण जाणं अधर्म हाय. अन् मीच शिकवलंय गं त्यांना."

"मंग मला एक सांगा. कीर्तन संपल्यावर महाराजांना भेटायला एकेक जण जाता का? समदा गाव तुटून पडतो. उराउरी भेटता. कुणी म्हणतं का, एकट्या म्हाताऱ्याला दोनशे जणांनी धरलं, अधर्म झाला?"

वस्ताद ताडकन उठून उभे राहिले. "मंग?"

"मंग काय मंग! पाव्हणा दारात आला की पाडू नका म्हणावं त्याला. भेटा! समदे मिळून भेटा, अन् माया संपेस्तोवर सोडू नका. ठेवते. माझं बॅलन्स जातंय."

वस्तादांनी सातांना जवळ घेतलं आणि बाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला. परमेश्वराचे डोळे भरून आले. "भेटायचं हाय व्हय? आधी सांगायचं ना, वस्ताद!"

खेळ पुन्हा सुरू झाला. भिवा उड्या मारत आत आला. सात पैलवान हात पसरून, तोंडभर हसत त्याच्याकडं निघाले. भिवानं असं प्रेम आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो क्षणभर थबकला, आणि तेवढं पुरलं. सातशे किलो मायेनं त्याला कवटाळलं. आतून बारीक 'कब्... कब्...' ऐकू आलं आणि तेही थांबलं.

"भेटी लागल्या!" महाराज माईक हातात धरूनच उठून उभे राहिले. "बोला, पुंडलिक वरदे!"

मग एकामागून एक. येईल तो भेटीत गुंतला. कुणी शेजारच्याला डोळा मारून सांगे, "जाऊ नको रे, लई प्रेम करतेत." बद्रीनाथनं कसेबसे दोन गुण ओढले, तेवढेच. एक लोण झाला, गुण चढत गेले, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाला पंचवीस विरुद्ध तेवीस. खालच्या आळीचा एकटा बद्रीनाथ शिल्लक, आणि चढाई त्याची. त्याला कुणाला शिवायचीही गरज नव्हती. आतल्या रेषेला पाय लावून माघारी पळालं की काला पुन्हा खालच्या आळीत. पण पकडला, तर एक त्याचा आणि दोन लोणाचे.

वस्तादांनी डोळे मिटले. 'मारुतीराया, मी आगाऊ शब्द देऊन बसलो, तुला न विचारता.'

बद्रीनाथ विजेसारखा आत शिरला, रेषेला टाच लावली आणि वळला. मधली वाट मोकळी होती. पण हरिओम, सगळ्यात बारका, झेप घेऊन त्याच्या कमरेला बिलगला. बद्रीनाथ त्याला फरफटत तीन पावलं घेऊन गेला. मग परमेश्वर पोचला. मग बाकीचे. ढीग हळूहळू मध्यरेषेकडं सरकत होता. ढिगातून एक हात बाहेर आला, बोटं रेषेपासून चार अंगुळं. तीन. दोन. आणि 'कबड्डी' थांबली.

शिट्टी. सव्वीस-पंचवीस.

वस्ताद मैदानात गेले नाहीत. धोतर सावरत सरळ घराकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीपुढं मांडव पडला. खालची आळी दही-लाह्यांचे हंडे घेऊन वाजतगाजत आली. बद्रीनाथच्या अंगाला बामाचा वास दहा हातांवरून येत होता. सगळं झालं आणि ओसरीवरून दुर्गाबाई म्हणाल्या, "मधला खांब आड येतोय. महाराज निम्मेच दिसतेत."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "आगं, आता महाराज उभे राह्यले! जरा मान वाकडी कर."

"चाळीस वर्षं सरळ मानेनं ऐकलंय मी."

खांबाजवळ बद्रीनाथ उभा होता. त्यानं परमेश्वराकडं पाहिलं, परमेश्वरानं त्याच्याकडं. पुढच्या क्षणाला दोन्ही आळ्यांच्या चौदा गड्यांनी मांडवाचे खांब उपटले आणि लोक बसलेलेच, वरचं छत तेवढं पाच हात डावीकडं चालत गेलं. महाराजही हसत हसत त्याच्याबरोबर सरकले, आणि ओसरीच्या अगदी समोर येऊन त्यांनी दोन्ही हात वर उचलले.

"आता दिसतेत का?" वस्तादांनी विचारलं.

दुर्गाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या,

"गप बसा जरा. कथा सुरू झालीय."