सदस्य ‘ब’

“थांबून का गेलीस? वाच ना आगे,” द्वारकाबाई म्हणाल्या.

वसुधाने मधला अख्खा परिच्छेद गिळला आणि पुढचं पान वाचायला घेतलं. पंख्याखाली बसूनही तिला घाम फुटला होता. उद्या अहवाल जमा करायचा होता. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना आधी वाचून दाखवायचं, होकार घ्यायचा, मगच जमा करायचा, हा तिचे मार्गदर्शक समीर सर यांचा दंडक.

चाळिशी उलटल्यावर वसुधाने पीएचडीचा घाट घातला होता, तोही एकाच प्रकरणावर: शेजारच्या द्वारकाबाईंनी बायका जमवून चालवलेली आणि बंद पडलेली डब्यांची खानावळ. पहिला मसुदा झकास उतरला होता. द्वारकाबाईंचे कष्ट, द्वारकाबाईंची जिद्द, शेवटी लॉकडाउनचा घाव. सरांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

“मॅडम, ही केस स्टडी नाही, आरती आहे. सगळं एकीच्याच तोंडचं! सोडून गेलेली एखादी बाई गाठा. तुमच्या निष्कर्षाला छेद देणारं जे सापडेल, ते झाकू नका.”

झक मारत वसुधा शोधायला निघाली, आणि सिमरोल गावात खानावळ सोडून गेलेली शकुन सापडली. शकुन थंडपणे म्हणाली, “लॉकडाउन तो बाद में आया, दीदी. त्याच्या आधीच सगळं तुटलं होतं. तूप चोरलं म्हणून बाईंनी सगळ्यांसमोर माझी पिशवी उलटी केली. तूप निघालं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही निम्म्या जणी गेलोच नाही.” उठताना तिने बजावलं, “नाव लिहू नका. आणि बाईंनी विचारलं तरी माझा पत्ता देऊ नका.”

वसुधाने शब्द दिला. अहवालात शकुनची ‘सदस्य ब’ झाली. पण लहानपणापासून जिच्या हातचं खाल्लं, तिच्या तोंडावर हे वाचायचं कसं? वाचलं तर माणूस तुटेल, गाळलं तर अहवाल खोटा.

वाचन संपलं.

“आणि पिशवीचं?” द्वारकाबाईंनी विचारलं.

वसुधा पानं नीट लावायला लागली.

“ते पन्नं पलटवलंस ना मघाशी? वाच.”

तिने खाली मान घालून वाचलं. संपताच घाईघाईने म्हणाली, “काकू, नको असेल तर काढते.”

“काढतेस कशाला? अधूरं आहे ते. पिशवीतून काय निघालं ते लिहिलंच नाहीस.”

“तिने नाही सांगितलं.”

“मी सांगते, लिही. छोट्या पोराचं स्वेटर निघालं. आधं विणलेलं. मी पिशवी झटकली तर सुया सटकल्या आणि सगळं उसवत गेलं. ती खाली बसून लोकर गोळा करून राहिली होती, आणि मी उभी. सॉरी पण नाही म्हटलं गं मी.”

वसुधाने लिहिलं. अहवाल आता पक्का झाला होता, दोन्ही बाजूंनी. त्याचा तिला जराही आनंद झाला नाही.

“कुठे असते ती?”

तासाभराचा तर रस्ता! वसुधाच्या ओठांवर आलं होतं. “काकू, मला सांगता येत नाही.”

“तिनेच नको म्हटलं ना?”

वसुधाने पेनाला टोपण लावलं. द्वारकाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, आत गेल्या. बऱ्याच वेळाने डिंकाच्या लाडवांच्या दोन पुड्या घेऊन बाहेर आल्या.

“ही तुझी. ही दुसरी कुठे द्यायची ते तू बघ. मी काही विचारत नाही, बेटा.”

वसुधा दारापर्यंत पोहोचली तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, “आणि घेतली नाही, तर वापस नको आणूस. रस्त्यात कुणालाही देऊन टाक.”