मिश्रीची वेळ

"मावशी, तंबाखू खाता का?" आबेदा सिस्टरनं विचारलं.

"नाय बाई. आमच्या घरात तंबाखूला थारा नाय," वच्छलाबाई ठसक्यात म्हणाली. मुकुंदवाडीच्या दवाखान्यात तोंडाची तपासणी होती आणि ती नवऱ्याला दाखवायला आली होती. फकिराची तंबाखू तिनं बोलून बोलून सोडवली होती. पंपदुरुस्ती करणारा तो दणकट माणूस आता खिशात बडीशेप घेऊन हिंडायचा.

"आलाच आहात तर तुमचंही बघते," म्हणत सिस्टरनं तिचा खालचा ओठ ओढला. आत पांढरा चट्टा होता.

"तिखट झोंबतं?"

"झोंबतं थोडं. वय झालं आता."

"इथं काय लावता?"

"मिश्री. दात घासाया."

"मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की, मावशी."

बाकावर बसलेला फकिरा खोकला. तो खोकला शंभर टक्के खोटा होता.

"ती खात नसतेत, घासतेत," वच्छलाबाई म्हणाली, पण आवाज उतरला होता.

मोठ्या दवाखान्यात चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट येईपर्यंत तिला घास गोड लागला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "कॅन्सर नाही. पण मिश्री चालू राहिली तर होऊ शकतो. सुपारीसुद्धा बंद. तुमचा एक दात ओठाला टोचतोय, तो मी घासून देते. अधूनमधून आरशात तोंड बघायचं आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली की लगेच यायचं."

"आता मी मागं लागू का तुझ्या?" घरी येताना फकिरानं विचारलं.

"लागा," ती म्हणाली. एवढ्या संसारात ती पहिल्यांदाच हरली होती आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

वाईट वाटत होतं ते निराळ्याच गोष्टीचं. शेजारची मनकर्णाबाई आणि ती, दोघी नव्या नवऱ्या होत्या तेव्हापासून सकाळी ओट्यावर मिश्री लावत बसायच्या. तोंड भरलेलं, त्यामुळे सगळं बोलणं 'हूं' आणि 'हूंहूं'मध्ये. जावयाच्या रागापासून सुनेच्या डाळीपर्यंत सगळं त्यात मावायचं. मिश्रीच नाही, तर आता ओट्यावर कोणत्या तोंडानं बसायचं? काही दिवस ती घरातच राहिली. बाहेर मनकर्णाबाई एकटीच चूळ भरायची, ते आतून ऐकू यायचं.

एका सकाळी तिला राहवलं नाही. ती बाहेर आली. मनकर्णाबाईनं सवयीनं डबी पुढं केली.

"नगं, मनकर्णे. सोडली म्या." मग ओठ, चट्टा, तुकडा, भीती, सगळं तिनं सांगून टाकलं. "म्हनून आले नाय. तुला वाटंल, शहाणी झाली लई."

"हूं," मनकर्णाबाई म्हणाली. बोट तोंडातच होतं.

ते हूं रागाचं की दुःखाचं, वच्छलाबाईला उमगेना. असं कधी झालं नव्हतं. तिला रडू आलं. ती उठली.

मनकर्णाबाईनं घाईघाईनं थुंकून तांब्यातल्या पाण्यानं खळखळून चूळ भरली. "बस की. कुठं चालली? मला बोलायचंय."

वच्छलाबाई बसली. मनकर्णाबाईनं डबीचं झाकण लावलं, पदरानं तोंड पुसलं, उन्हाकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचा खालचा ओठ ओढून धरला.

"हूं?"

या वेळी वच्छलाबाईला बरोब्बर कळलं. ती वाकून बघू लागली.

"काय नाय दिसत," ती म्हणाली. "तरी सिस्टरला दाखवू. मी येते संगं."