खाऱ्या पाण्याचा कॅन

परळच्या कॉलेजच्या गच्चीवरचं जाळीघर उघडलं आणि संघमित्रा दारातच थांबली. भाताच्या दोन्ही रांगा हिरव्यागार होत्या.

डाव्या रांगेतल्या रोपांत तिनं खाडीकाठच्या तिवराचा जीन घातला होता, मीठ सोसण्यासाठी. उजवीकडची रोपं साधी. दोघांनाही रोज खारं पाणी घालायचं; साधी मरायची, तिची तगायची, एवढाच प्रयोग. सोमवारी समिती येणार होती. मेलेली रांग दाखवली तर फेलोशिप वाढणार, नाहीतर चार वर्षांची मेहनत मातीत. नेमका तिला डेंगी झाला, आणि पाणी घालायचं काम तिनं प्रयोगशाळेतल्या भिवामामांवर सोपवलं. निळ्या कॅनमधलंच घाला, असं पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

निळा कॅन काठोकाठ भरलेला होता.

"मामा, नळाचं पाणी घातलंत?"

भिवामामा जराही चाचरले नाहीत. "आदी मातीतला मीठ धुवन काढलंय. मगे रोज गोडा पाणी. रोपा पिवळी पडली होती गो बाय, माका बघवला नाय."

मीठ धुवून काढलं म्हणे. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, तिला कळेना.

"मी कॅन दाखवला होता ना तुम्हाला?"

"दाखवलंस. पण भाताक खारा पाणी घालूक माझो हात धजलो नाय. गावाक आमचो बांध फुटलो, खाडीचा पाणी शेतात शिरला, म्हणान तर बापूस लालबागेत गिरणीत इलो."

"अहो, त्याच शेतासाठी करतेय मी हे. खाऱ्या जमिनीत उगवणारं भात."

ते रांगांकडे बघत राहिले. "ह्यातला खयचा?"

तिनं डावीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाकून एक रोप निरखलं, मग शेजारच्या रांगेतलं. "दोनय सारखीच दिसतत."

सोमवारी समितीही हेच म्हणणार होती. संतापानं तिला रडू यायला लागलं. पण ओरडायचं कुणावर? ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच माणूस समोर उभा होता.

तिनं निळा कॅन उचलला आणि डाव्या रांगेला पाणी घालायला घेतलं. सोमवारपर्यंत काही होणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती घालत राहिली.

ती साध्या रांगेकडे वळली तेव्हा भिवामामांनी मान फिरवली, आणि कॅन रिकामा होईपर्यंत वळून पाहिलं नाही.