समोरची तबकडी

बाबांनी चाळीस वर्षं कापडगिरणीत माग चालवले. निवृत्तीच्या दिवशी गिरणीने त्यांना घड्याळ दिलं. बहिरेपण त्याआधीच देऊन ठेवलं होतं. कान गेले हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची आणि "छान, छान" म्हणायचं, एवढ्यावर त्यांचं निभत होतं. कानाच्या मशीनचा विषय निघाला की ते पेपर उघडून बसत.

एका रविवारी मुलगी आणि जावई त्यांना विद्यापीठ दाखवायला घेऊन गेले. सरळसोट रस्ते, टेकून ठेवलेल्या सायकली, कुलूप लावलेले वर्ग. विज्ञान संग्रहालयात मात्र बाबांची कळी खुलली. वाफेच्या इंजिनापुढे ते इतका वेळ उभे राहिले, की पहारेकऱ्याने त्यांना आपली खुर्ची आणून दिली.

मागच्या अंगणात दोन भल्यामोठ्या तबकड्या समोरासमोर उभ्या होत्या, मध्ये साठेक पावलांचं अंतर. एकीपुढे कुजबुजलेलं दुसरीपुढे बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतं, असं पाटीवर लिहिलं होतं. मुलीने बाबांना एकीपुढच्या बाकावर बसवलं आणि ती नवऱ्याबरोबर पलीकडे गेली.

"बाबा, येतंय का ऐकू?"

बाबा तेव्हा वाकून तबकडीचे जोड निरखत होते. ते सरळ होऊन बसले, तेव्हा मुलीचा आवाज इतका जवळून आला की ती शेजारी आहे असं वाटून त्यांनी वळून पाहिलं.

"नाहीच येत. जाऊ दे," ती नवऱ्याला म्हणत होती.

"मशीनचं पुन्हा एकदा बोलून बघ ना."

"काय बोलू? मला गाठ आहे, तपासायला जायचंय म्हणून सांगितलं, तर म्हणाले छान, छान. ऐकू आलं नाही हे कळत होतं रे. तरी लागलं ते मनाला. मग पुढचं काही सांगितलंच नाही मी."

बाबा तबकडीकडे तोंड करून म्हणाले, "कसली गाठ?"

पलीकडे दोघं चपापली.

"साधी निघाली, बाबा. काढून टाकली. झाले दोन महिने."

"मी कुठे होतो?"

"घरीच. आम्ही दोन दिवस कामाला बाहेरगावी जातोय, असं सांगितलं होतं तुम्हाला."

"मी छान म्हटलं असेन."

"हो."

कॅन्टीनमध्ये चहा समोर आला तरी बाबांनी कपाला हात लावला नाही. "आता पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "आणि मोठ्याने सांग. मला ऐकू येत नाही."

मुलीने सांगायला सुरुवात केली. प्रत्येक वाक्याला बाबा तिला अडवत, "काय? परत सांग," म्हणत. शेजारच्या टेबलावरचे विद्यार्थी वळून बघू लागले. जावयाने खुणेने आवाज कमी करायला सांगितलं. बायकोने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तासभर लागला. संग्रहालयातलं दुर्बिणीचं दालन पाहायचं राहून गेलं.