भिंत वाळेपर्यंत

बोटाखाली दाणा आला. लाखोरीच्या डाळीच्या दाण्याएवढा... भिंतीसाठी कालवलेल्या छुईत, पांढऱ्या मातीत, एवढा एकच खडा विरघळायचा राहिला होता आणि तो नेमका धुरपताच्याच बोटांना सापडला. तिनं अंगठ्यानं दाबला तसा तो फुटला, चिखल झाला, मडक्यातल्या पांढऱ्यात मिसळून गेला. पहाटे रुक्माची वेणी घालताना तिच्या कानामागे लागलेला दाणा असा फुटला नव्हता. कातडीच्या आत होता तो, घट्ट, आणि दाबल्यावर पोरगी नुसती "हं" म्हणाली होती, झोपेत म्हणावं तशी.

घामोळं असेल. वैशाखात कुणाला घामोळं येत नाही? माझ्याच पाठीवर आहे की... पण घामोळं बोटाला असं लागत नाही, धुरपते, कुणाला शिकवतेस तू?

ती पाटावर चढली. आधी माळ्याची खालची बाजू, मग भिंती, नाहीतर वरचे थेंब खालच्या कामावर पडतात आणि सगळं मुसळ केरात. माळा बांबूचा, वर मातीचा, आणि खालून वर्षभराच्या चुलीच्या धुरानं काळा झालेला. काल तिनं तो शेणमातीनं लिंपला होता. आज त्यावर छुईचा पहिला पातळ हात. फडक्याचा पोतारा बुडवायचा, पिळायचा, मान मागे टाकून फिरवायचा. थेंब डोळ्यात गेला. गेला तर गेला. ओली छुई काही म्हणजे काही झाकत नाही, ही एक मोठी गंमत आहे. पोतारलं तरी खालचा काळा जसाच्या तसा दिसतो, नव्या सुनेला वाटतं आपलं काम फुकट गेलं. वाळल्यावर कळतं. काय झाकलं गेलं आणि काय वर आलं ते वाळल्यावरच कळतं, तोपर्यंत वाट पाहायची.

खोलीच्या कोपऱ्यात बाजेवर रुक्मा पडली होती, या उन्हाळ्यात गोधडी घेऊन. परवापासून ताप. परवा धुरपतानंच सगळ्यांना सांगितलं होतं, ऊन लागलं पोरीला, आणि कैरीचं पन्हं करून पाजलं होतं. अनुसयेनं, पोरीच्या आईनं, कपाळाला हात लावून पाहिला आणि परत पापडाकडे धावली. लग्नघर आहे, तिला तरी कुठे दम खायला फुरसत. आज संध्याकाळी हळद. पण हळदीआधी या खोलीच्या भिंतीवर लग्नाचं चित्र निघायला हवं, त्या चित्रासमोर पोरीला बसवून मगच तेल आणि हळद. चित्र काढायला भावकीतली शामकला येणार, चार सवाष्णी घेऊन. त्या आल्या की धुरपतानं मडकं उचलून मागच्या अंगणात जायचं. हे कुणी सांगावं लागत नाही. खालचं सगळं काम तिचं, शेण तिचं, माती तिची, मान मोडेस्तोवर माळा पोतारणं तिचं, आणि वरचं लाल गेरूचं बोटभर काम सवाष्णींचं. विधवेचा हात पांढऱ्याच्या खाली चालतो, वर चालत नाही. चालू दे. या घरातल्या सगळ्या पोरींच्या लग्नात हेच झालं, कधी वाईट वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण पोटात राहिलं. रुक्माच्या बाबतीत मात्र... तीन महिन्यांची असल्यापासून माझ्या कुशीत झोपते ती. माझी नाही, ठाऊक आहे मला. पण झोपते.

आणि आज संध्याकाळी त्या तापल्या अंगाला तेल लावतील. उष्ण हळद लावतील. माता अंगात असली, देवी आल्या, तर घरात फोडणीसुद्धा देत नाहीत, भिंतीला हात लावत नाहीत, पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आणि इथे डफडं वाजेल आणि मांडवात गावजेवण बसेल. पोर हातची जाईल.

तर मग सांग ना. उतर खाली, जा ओसरीवर, केवलराम बसला आहे, तुझा धाकटा भाऊ, पोरीचा बाप, त्याला सांग. एक शब्द.

पोतारा हातातच थांबला आणि छुईची धार कोपरापर्यंत उतरली.

...तेव्हाही अशीच भिंत होती. सासरची. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं, नवऱ्याशी धड बोललीही नव्हती, सासू पोतारत होती आणि ती मडकं धरून उभी होती. नवरा आतल्या बाजेवर तापात. पाणी द्यायला ती गेली, त्यानं तांब्या घ्यायला हात पुढे केला, आणि मनगटावर दाणे दिसले. ती धावत बाहेर आली. "माता आली! माता आली!" जवळजवळ आनंदानंच ओरडली, पोरं बैलगाडी दिसली की ओरडतात तशी, आपण काहीतरी मोठं पाहिलं आणि पहिल्यांदा आपण पाहिलं. सासूचा हात भिंतीवर होता तिथेच थिजला. नवरा गेला. मग सगळे म्हणाले, हिनं हाक मारली. जो पहिलं नाव घेतो त्याच्या हाकेला ती येते. भिंत अर्धी पांढरी, अर्धी काळी तशीच राहिली, पावसाळा आला तरी तशीच, आणि माहेरची गाडी न्यायला येईपर्यंत ती रोज त्या भिंतीसमोर जेवायला बसत होती. मी काय केलं होतं? मी फक्त सांगितलं होतं. दिसलं ते सांगितलं.

आणि आता परत मीच. परत माझ्याच तोंडून. तिरोड्याकडची माणसं वाटेत असतील, गाड्या जुंपल्या असतील. नवरा मुलगा हिरालाल, चांगलं घर, चांगली शेती. लग्न मोडलं तर म्हणतील, त्या रांडक्या आत्यानं मोडलं. पोरगी वाचली तर म्हणतील, तोंडावर वण आले, कोण करणार आता. आणि नाहीच वाचली तर... सरकारचा देवी टोचणारा गावात आला होता तेव्हा टोचून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण केवलरामनं पोरीला मामाकडे धाडून दिलं. गाईचा पू आमच्या लेकराच्या अंगात नको, म्हणाला. सगळं गावच म्हणालं. आता काय बोलायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मागची भिंत झाली, बाजूच्या झाल्या. शेवटी ती चित्राच्या भिंतीशी आली, पूर्वेच्या. पहिला हात दिला, आणि मडकं खाली ठेवते तोच पाहिलं, वरच्या कोपऱ्याकडून पांढरं व्हायला लागलं होतं. मेलं हे ऊन! दारातून झळा येत होत्या, भिंत दूध प्यायल्यासारखी छुई पीत होती आणि वर पांढरी होत होती, भराभरा. वाळली की शामकला येणार.

ओल्या भिंतीवर गेरू धरत नाही. ओघळतो.

हे तिला ठाऊक होतंच, जन्मभर ठाऊक होतं. पण आता ते तिच्या मनात असं आलं की ती क्षणभर दचकली. मग पोतारा बुडवला आणि वाळायला लागलेला कोपरा पुन्हा ओला केला.

"बाई, अजून पोतारूनच राहिल्या?" अनुसया दारात. हाताला पीठ, केस घामानं चिकटलेले. "शामकला दोनदा विचारून गेली."

"ओली हाय अजून."

"इतक्या उन्हात?"

"खालची माती ओली राह्यली. काल उशीर झाला ना लिंपाले."

अनुसयेनं भिंतीकडे पाहिलं, मग बाजेकडे. "झोपली का थे?"

"झोपू दे."

आत ये, अनुसये. दोन पावलं ये, पोरीचे केस बाजूला कर, तूच बघ, तूच ओरड. तू आई आहेस, तुला कुणी काही म्हणणार नाही. धुरपता तिच्या पायांकडे पाहत राहिली. पाय उंबऱ्यावर होते. मग बाहेरून कुणी "अनुसयाबाई, गूळ!" म्हणून हाक मारली आणि पाय वळले.

दुसरा हात. मग तिसरा. तिसऱ्या हाताला छुई पापुद्रा धरते, सोलून निघते, हे ती स्वतः पोरींना शिकवायची. धरू दे पापुद्रा. सोलून पडू दे सगळी भिंत, मग परत लिंपावी लागेल, परत एक दिवस... पण एका दिवसानं काय होतं, अगं? चार दिवस भिंत ओली ठेवशील, मग? दाणे पाण्याच्या हबक्यानं परत आत जातात का? तिला स्वतःचा राग आला. एवढी म्हातारी बाई आणि हातात काय, तर फडकं. पण हात फिरत होता. वरून खाली येईतो वर पांढरं होत होतं, वर जाईतो खाली.

ऊन कलंडलं. मांडवात डफडंवाला कातडं शेकत होता, मधूनच एक थाप मारून पाहत होता. मडक्यात छुई तळाला गेली. पाणी घालून ढवळावं म्हणून ती वाकली आणि अंगणातून शामकलाचा आवाज आला, मोठा, हसरा. "ओ धुरपताबाई! माझा गेरू वाळून राह्यला वाटीत! भिंत पोतारता का समुद्र करता? येऊ का आम्ही?"

सवाष्णी हसल्या. बांगड्या वाजल्या. धुरपतानं भिंतीकडे पाहिलं. वाळली होती. इथून तिथून पांढरी झाली होती, वर बघावं तर माळाही, कुठे डाग नाही. जन्मात इतकं छान काम तिच्या हातून झालं नव्हतं.

पाठीमागे बाज करकरली.

रुक्मा उठून उभी होती. गोधडी खांद्यावरून सरकलेली, ओठ सुकलेले. ती भिंतीला धरून धरून आली, धुरपताजवळ थांबली आणि त्या कोरड्या पांढऱ्या भिंतीवर तळवा टेकवला. पोलक्याची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत. एक नव्हता, दोन नव्हते.

"ओली हाय, काकी," रुक्मानं दाराकडे तोंड करून हाक दिली. आवाज चिरकला. "नोको येऊ. ओलीच हाय."

मग तिनं धुरपताकडे पाहिलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. केव्हापासून कोण जाणे, गोधडीत पडून ती हे सगळं बघत होती, पहिला हात, दुसरा हात, तिसरा. आणि तिला वाटत होतं फुफी, तिची आत्या, काहीतरी करून राहिली आहे. फुफीजवळ काहीतरी उपाय आहे, म्हणून ती भिंत वाळू देत नाही. त्या तापलेल्या डोळ्यांत तेवढंच होतं. आता पुढे काय करायचं, एवढं विचारत होते ते डोळे.

"फुफी," ती हळूच म्हणाली, "थंडी वाजून राहिली मले."

धुरपतानं तिला एका हातानं कवेत घेतलं. अंग भाजत होतं. दुसऱ्या हातात पोतारा तसाच, कोरडा. बाहेर शामकला काहीतरी बोलत होती, पावलं ओसरीवर आली होती. दिवसभर धुरपताला एकच धास्ती होती, तो शब्द तोंडून निसटेल. आता ती दाराकडे तोंड करून, तो यावा म्हणून ओठ उघडून उभी होती, आणि शब्द येत नव्हता.